किसनकाका सही करत नाहीत

(अकोला, जुने शहर, १९५९. कीर्तनकार हरिहरबुवांच्या घराची ओसरी. सकाळची वेळ.)

किसनराव : नाई करत मी सही. तूनं शिकवली म्हनून का कुठंई करू?

अनुपमा : किसनकाका, कुठंही काय? हा माझा निबंध आहे. जर्मनीला जाणार.

किसनराव : त्यातलं माह्या नावाचं खोड, मंग करतो.

अनुपमा : अहो, त्याच्यावरच तर सगळा निबंध उभा आहे! महायुद्धात ज्यांनी एकमेकांची गावं जाळली, ती माणसं आता पुन्हा शेजारी कशी राहतात, ते शिकायला चाललेय मी. तिथल्या विद्यापीठवाल्यांनी विचारलंय, तुमच्या गावी असं काही घडलं का, आणि मग माणसं एकत्र कशी आली? ज्याचं नाव लिहाल त्याची सही घ्या, म्हणतात.

किसनराव : माही सही इथं तलाठी नीट पाहात नाई. थे तिकडचे काय पाहतीन?

अनुपमा : पाहतील. ऐका, पुन्हा वाचते. 'गांधीजी गेले त्या आठवड्यात, मारेकरी ब्राह्मण होता म्हणून, पातूरजवळचं आमचं ब्राह्मणाचं घर जमावानं जाळलं. मी अकरा वर्षांची होते. आमचं शेत वाहणारे किसनराव पेटत्या घरात शिरले आणि नानांची वीणा बाहेर घेऊन आले. आम्ही अकोल्यात आलो, तरी दर एकादशीला ते गावाहून येतात आणि नानांच्या कीर्तनात झांज धरून मागे उभे राहतात.' यात खोटं काय आहे?

किसनराव : खोटं नाई.

अनुपमा : मग?

किसनराव : अर्धं हाय.

अनुपमा : आता कोडी नका घालू, काका. दुपारच्या गाडीनं मला अमरावतीला जायचंय. कॉलेजात चिंतामणसर थांबलेत. उद्या टपालात पडलं नाही तर माझी जागा दुसऱ्याला जाईल. आणि एवढं लाजायला काय झालं? कीर्तनाच्या मध्यंतरात नाना पहिला बुक्का तुम्हालाच लावतात, तेव्हा नाही लाजत!

किसनराव : तवाच तं जीव जाते माहा.

अनुपमा : का?

किसनराव : पोरी, गंजी मीनं पेटवली.

अनुपमा : कोणती गंजी?

किसनराव : तुमच्या घरामागची. कडब्याची.

अनुपमा : काहीतरीच काय बोलता? ती बाहेरून आलेल्या माणसांनी...

किसनराव : आले होते. पन्नासेक मानसं, दिवस बुडताना. म्हने, बुवाचं घर दाखव. दाखवलं मीनं. मंग एकानं टेंभा हाती देल्ला. म्हटलं, गंजी जाईन, त्यायचं मन भरन, घर राहीन. अन् हवा फिरली. वीणा मीनंच काढली, पोरी. आगई मीनंच लावली.

अनुपमा : थांबा. थांबा जरा.

किसनराव : लोकायनं वीणा पाह्यली. टेंभा कोनी पाह्यला नाई.

अनुपमा : आजोबांची बाडं गेली त्यात. तीन पिढ्यांची आख्यानं. मला पोटाशी धरून आई विहिरीच्या पायऱ्यांवर बसली होती. आम्हाला वर तुम्ही काढलंत. हात धरून. ह्याच हातांनी?

किसनराव : ह्याच.

अनुपमा : नाना! नाना, बाहेर या!

हरिहरबुवा : अगं, देवाच्या अंगावर पाणी आहे अजून. एवढी हाक कशाला? अरे किसन! चहा दिलास का त्याला?

अनुपमा : नाना, हे काय म्हणतायत ऐका. आपली गंजी ह्यांनी पेटवली.

हरिहरबुवा : बोललास एकदाचा?

अनुपमा : म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?

हरिहरबुवा : मागच्या दारात होतो मी. टेंभ्याच्या उजेडात तोंड फार स्वच्छ दिसतं.

किसनराव : बुवा! तुमी पाह्यलं होतं?

हरिहरबुवा : पाहिलं.

किसनराव : अन् अकरा वर्स मले बुक्का लावून राह्यले?

हरिहरबुवा : तो काही देवपणा नव्हता, बाबा. पूर्वरंग संपला, मला हार घातला, की साथीदारांना बुक्का लावायची रीत. पहिल्या वेळी तुझ्या कपाळावर अंगठा असा दाबला, की कातडी निघावी. म्हटलं, आता रडेल, बोलेल. तू आपला झांज वाजवत राहिलास. पुढच्या एकादशीला पुन्हा दाबला.

किसनराव : मले वाटे, बुवाचा हातच जड हाय.

अनुपमा : मग राग गेला कधी?

हरिहरबुवा : ते कळलं असतं तर तुला जर्मनीला कशाला धाडलं असतं? इथंच नसतं शिकवलं?

अनुपमा : थट्टा नको, नाना! आईला ठाऊक होतं?

हरिहरबुवा : नाही. ती गेली तोवर सांगणं झालं नाही माझ्याच्यानं. ते मात्र माझं चुकलं.

अनुपमा : तिच्या तिरडीला खांदा दिला ह्यांनी. आणि तुम्ही देऊ दिलात!

हरिहरबुवा : देऊ दिला.

अनुपमा : मी नाही जात कुठं. तिथल्या लोकांना काय सांगू? आमच्याकडे सगळं गोड झालं? मला ह्यांच्याकडे पाहवत नाही आता.

किसनराव : मी निंगतो, बुवा. पोरी, मले खोडून टाक, पन गाडी चुकवू नोको.

हरिहरबुवा : किसन, आजवर का नाही बोललास?

किसनराव : भेव. दुसरं काय? झांज काढून घ्यान, म्हनून. आज पोरीनं कागद पुढं केला. कीर्तनात उभा राह्यतो अन् अर्ध्या गोष्टीवर सही करू, थे जमलं नाई. येतो.

अनुपमा : बसा.

किसनराव : आँ?

अनुपमा : बसा म्हणते ना. गाडीला दोन तास आहेत. खोडत नाही मी. पहिल्यापासून लिहिते.

किसनराव : पुरं लिहिशीन?

अनुपमा : पुरं. पण मी माफ केलं, असं समजू नका.

किसनराव : नाई समजत.

अनुपमा : नाना, तुम्हीही इथंच बसा. सांगा, काका. त्या दिवशी सकाळपासून. उठलात, मग?

किसनराव : उठलो. तुमच्या गोठ्यात आलो, बैलं सोडाले.

अनुपमा : मग?

किसनराव : न्याहारी केली. चून-भाकर.

अनुपमा : पिठलं-भाकरी घरून आणलेली?

किसनराव : नाई, माय. तुह्या आईनं देल्ली होती. तव्यावरची.