बर्फाच्या घाटात अडकलेला बाप

मंडळी, ऐका. टाळकऱ्यांनो, जरा हात थांबवा. आज मी तुमच्यापुढं एक प्रश्न घेऊन उभा आहे. ज्याची भाषा आपल्याला येत नाही, ज्याचं गाव आपण पाहिलं नाही, ज्याचा देव वेगळा, जेवण वेगळं, असा माणूस आपला कोण लागतो? पटकन उत्तर देऊ नका. पटकन दिलेलं उत्तर पुस्तकातलं असतं. आधी भानुदासरावांची गोष्ट ऐका. त्यांनी स्वतः माझ्यासमोर बसून सांगितलेली.

भानुदासराव तिडके. अहमदपूर तालुक्यातला माणूस, गळ्यात माळ, अठ्ठावीस वर्षं एस.टी.चा ड्रायव्हर. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी लेक शिवकन्या डॉक्टरकी शिकायला किर्गिझस्तानात गेली. ओश नावाच्या गावात. आता तुम्ही म्हणाल, महाराज, हे कुठं आलं? मलाही ठाऊक नव्हतं. चीनच्या अलीकडं, डोंगरात. आपल्याकडची पुष्कळ पोरं तिथं शिकतात.

तर एके दिवशी फोन आला. शिवकन्येची मैत्रीण प्रणाली, तिच्याच वर्गातली, जालन्याची. "काका, घाबरू नका." मंडळी, जगात एवढं घाबरवणारं दुसरं वाक्य नाही. शिवकन्येचं अपेंडिक्स पोटातच फुटलं होतं. ऑपरेशन झालं होतं, पण पू पसरला होता. ताप उतरत नव्हता.

पासपोर्ट होता, लेक गेली तेव्हाच बायकोनं, कमलबाईंनी, हट्टानं काढायला लावलेला. व्हिसा चौथ्या दिवशी आला. हे चार दिवस दोघांनी कसे काढले, ते विचारू नका. कमलबाई चूल पेटवायच्या आणि स्वयंपाक न करताच विझवायच्या.

भानुदासराव एकटेच निघाले. दिल्लीहून बिश्केक, म्हणजे त्यांची राजधानी. तिथून ओशचं विमान होतं, ते धुक्यामुळं रद्द झालं. पुढचं कधी, कुणी सांगेना. विमानतळावरून त्यांनी प्रणालीला फोन लावला. ती म्हणाली, "काका, रस्त्यानं या. दहाएक तास लागतात. पण लवकर या. उद्या सकाळी तिचं पोट परत उघडणार आहेत."

पोट परत उघडणार. हे शब्द घेऊन तो बाप पहाटे निघणाऱ्या पहिल्याच गाडीत बसला.

गाडी होती जपानी, जुनी. चालवणारा कुबान, पन्नाशीचा माणूस, डोक्यावर पांढरी लोकरीची उंच टोपी. मागं दोन प्रवासी, तिकडचेच. भानुदासराव पुढं बसले, ड्रायव्हरशेजारी. अठ्ठावीस वर्षं ज्यानं स्टीअरिंग धरलं, त्याच्या हातात आता काहीच नाही. वळण आलं की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. तिथं ब्रेक नव्हता, नुसता पत्रा. कुबाननं दोनदा पाहिलं आणि मिशीत हसला. ड्रायव्हरला ड्रायव्हर ओळखू येतो, त्याला दुभाषी लागत नाही.

भानुदासरावांनी मोबाइलवर लेकीचा फोटो दाखवला, पोटावर हात ठेवला, दवाखाना, ऑपरेशन, काय खुणा करायच्या त्या केल्या. कुबान फोटोकडं पाहून म्हणाला, "बाला." त्यांच्या भाषेत लेकराला बाला म्हणतात. आपण काय म्हणतो, मंडळी? बाळ. भानुदासराव मला म्हणाले, "महाराज, तो एक शब्द कळला आणि मला रडू फुटलं."

दोन तासांनी घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली. समोर आडवी दांडी, शेजारी चौकी, पुढं वाहनांची रांग. वर बर्फाचा कडा रस्त्यावर कोसळला होता. घाट बंद. कधी उघडेल? चौकीवाल्यानं आभाळाकडं बोट दाखवलं.

मागचे दोघे उतरले, राजधानीकडं परतणाऱ्या गाडीत बसून निघून गेले. रांगेतली वाहनं एक एक करून वळू लागली. आणि भानुदासरावांनी प्रणालीला फोन लावायला मोबाइल काढला, तर मोबाइल बंद. थंडीनं बॅटरी बसली होती. गाडीतली वायर त्याला बसेना. नंबर सगळे आत. पाठ एकही नाही. तुमच्यातल्या किती जणांना लेकीचा नंबर पाठ आहे? राहू द्या, हात वर करू नका.

घड्याळात सव्वासात. म्हणजे लेकीला आता आत नेत असतील. नेलं असेल. उघडलं असेल. माणसाचं मन अशा वेळी फार वाईट कारागीर असतं, मंडळी, नको ते घडवत बसतं. त्यांना लेक पांढऱ्या चादरीखाली दिसायला लागली.

आणि तेवढ्यात कुबाननं हात पुढं केला. "पासपोर्ट."

परदेशात पासपोर्ट मागितला तर काय करायचं? सगळ्यांनी बजावून पाठवलं होतं, जीव गेला तरी पासपोर्ट सोडू नका. पण कुबान काहीतरी बोलतोय, घाईत बोलतोय, चौकीकडं बोट करतोय. भानुदासरावांनी दिला. कुबाननं गाडीची किल्लीही काढली, पासपोर्ट खिशात घातला, आणि बर्फातून चौकीमागं दिसेनासा झाला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. गाडी गार पडली. काचेवर वाफ धरली. वीस मिनिटं. आता तुम्ही असता तर काय विचार केला असता? तोच त्यांनी केला. फसलो. परक्या मुलखात, डोंगरात, बर्फात, ना फोन, ना कागद. हा मला इथंच सोडणार, आणि तिकडं लेक...

ते दार उघडून धावले. घोट्यापर्यंत बर्फ, पायात आपल्याकडचे साधे बूट. दोनदा पडले. चौकीचं दार ढकललं तर आत कुबान उभा. एका हातात तारेचा फोन, दुसऱ्या हातात पासपोर्ट उघडा. त्यावरचं एक एक अक्षर बोटानं दाबून फोनवर वाचत होता. ति, ड, के. पुन्हा ति, ड, के.

बापाचं आडनाव तेच लेकीचं आडनाव. ते नीट कळल्याशिवाय दवाखान्यात शोधायचं कुणाला? कुबानचं घर ओशमध्येच. फोन त्याच्या बायकोला लावला होता.

भानुदासराव दाराशी तसेच उभे राहिले. मला म्हणाले, "महाराज, मी त्या माणसाला मनात काय काय म्हणालो होतो, ते तुम्हाला सांगत नाही."

मग वाट पाहणं. कुबाननं थर्मासमधला काळा चहा दिला. चौकीवाल्यानं मटणाचा रस्सा पुढं केला. भानुदासरावांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि मान हलवली. चौकीवाल्याला वाटलं, थंडी वाजतीय, त्यानं रस्सा आणखी जवळ सरकवला. हसा, मंडळी, हसा. पण कुबान उठला, रस्सा बाजूला ठेवला, आणि स्वतःच्या पिशवीतली रोटी आणि मध आणून दिला. त्याला कसं कळलं? माळ ठाऊक नव्हती त्याला. तो नुसता माणसाकडं पाहत होता.

दीड तास फोन गप्प. तो वाजला तेव्हा तिघंही उभे राहिले. कुबाननं ऐकलं आणि फोन भानुदासरावांच्या हातात दिला. तोंडावरून काही कळेना. मंडळी, तो फोन कानाला लावायला त्या बापाला किती वेळ लागला असेल?

"काका?" पलीकडून प्रणाली. त्या बर्फाच्या डोंगरात मराठी. "काका, ऐकू येतंय का? एक काकू आल्यात, शिवकन्येला शोधत. त्यांच्या फोनवरून बोलतीय. ऑपरेशन झालं. शिवकन्या आहे, काका. ताप आहे, पण आहे. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस जाऊ द्या."

आहे. या एका शब्दावर भानुदासराव खाली बसले.

पण आजचा दिवस जायचा होता अजून. दहाच्या सुमाराला बर्फ सारणारं यंत्र वर गेलं, आणि ज्यांना जायचंच आहे त्यांना त्याच्यामागं सोडलं. कुबान परत फिरला असता तर त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. तो निघाला. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला बर्फाची भिंत, मधे एका गाडीपुरती वाट. दोनदा मागचं चाक सरकलं. भानुदासरावांचा पाय पत्र्यावर, आणि कुबानचा चेहरा घामानं ओला. घाट उतरल्यावर दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

ओशला पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. वॉर्डात शिवकन्या डोळे मिटून पडलेली, आणि तिचा हात हातात धरून एक बाई बसलेली. गुलनारा, कुबानची बायको. सकाळपासून तिथंच. लेकीनं डोळे उघडले. "अण्णा, आलात?" मग हळूच म्हणाली, "मी यांना विचारलं, तुम्ही कोण? तर म्हणाल्या, तुझे वडील वाटेत आहेत. ते येईपर्यंत मी."

पोरगी बरी झाली. यंदा शेवटच्या वर्षाला आहे.

पण भानुदासराव मला शेवटी काय म्हणाले, ते ऐका. "महाराज, अठ्ठावीस वर्षं माणसं वाहिली. वेळेवर नेली, वेळेवर आणली. पण शेजारी रडत बसलेल्या एकालाही विचारलं नाही, बाबा, कुठं निघालास, कशासाठी."

आता मी त्यांना नावं ठेवू शकत नाही. कारण मागच्या मंगळवारी आपल्या फाट्यावर वीटभट्टीवरची एक बाई उभी होती. ओडिशाकडची. कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू. ती येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होती, तिच्या भाषेत काहीतरी सांगत होती. तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. गाड्या पुढं गेल्या. त्यातली एक माझी होती. मला कीर्तनाला उशीर होत होता.

ते लेकरू कसं आहे, मला ठाऊक नाही. उद्या सकाळी सात वाजता मी भट्टीवर विचारायला जाणार आहे. भाषा येत नाही मला त्यांची. ज्याला यायचं असेल, त्यानं फाट्यावर थांबावं.

चला, आता टाळ उचला.