मोकळी भिंत

(मधल्या भिंतीवर धप् करून आवाज होतो.)

गोजरबाई : ऐकलंस? तुझी लेक. पुन्हा भिंतीवर पाय.

रेश्मा : हातांवर उभी राहतीय, आत्या. जिम्नॅस्टिक्सचा सराव. मीच दिलाय वर्गातल्या सगळ्या पोरींना.

गोजरबाई : समद्यांना? म्हंजी सगळी वस्तीच लाथा हाणतीय म्हन की. आगं, भिंतीच्या ह्या अंगाला बिरुदेवाचा देव्हारा हाय. परवा भंडाऱ्याची वाटी सांडली. मला वाटलं उंदीर.

रेश्मा : ते चुकलंच माझं. घरी भिंतीला पाय टेकवा म्हणाले, पण भिंतीपलीकडं काय आहे, हे विचारलंच नाही. वर्गातल्या दाक्षायणीच्या शेजारच्या निंगप्पाकाकांची मारुतीची तसबीर खाली आली. शाळेत येऊन म्हणाले, बाई, मारुती उड्डाण करतो हे ऐकून होतो, आमच्याच घरात करील असं वाटलं नव्हतं.

गोजरबाई : हसू नगंस. त्या दाक्षायणीचा हात मोडला न्हवं?

रेश्मा : मोडला नाही. मनगट मुरगळलंय.

गोजरबाई : तूच धरलं हुतंस तिला.

रेश्मा : हो. कमरेला हात होता माझा. जमतंय असं वाटलं, म्हणून काढला. दोन श्वास लवकर काढला.

गोजरबाई : मग आता पुरं कर की. तिसरी-चौथीच्या चिमण्या त्या. वच्छला म्हनत हुती, नातीला न्हाय धाडायची म्हनून.

रेश्मा : ती एकटीच नाही. अकरापैकी आठ जणींच्या घरून निरोप आलाय. हेडसर म्हणाले, सोमवारी पोरी गादीवर आल्या तर तास राहील, नाहीतर त्या वेळात गणित.

गोजरबाई : गनित काय वाईट हाय?

रेश्मा : वाईट नाही. पण सोमवारी आयांना बघायला बोलावलंय, आणि पहिली आपली संस्कृतीच हातांवर उभी राहणार. माझी लेक घरी ठेवून दुसऱ्याची कुठल्या तोंडानं मागू?

गोजरबाई : आन पडली तर?

रेश्मा : आधी पंधरा दिवस नुसतं पडायलाच शिकवलंय. मान आत, पाठ गोल. दाक्षायणी तशीच पडली, म्हणून मनगटावर निभावलं. काल विचारायला आली होती, बाई, पट्टी सुटल्यावर येऊ का म्हणून.

गोजरबाई : तिची आई काय म्हनली?

रेश्मा : दारातूनच लेकीला परत घेऊन गेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

गोजरबाई : तू काय ऐकनारी सून न्हाईस.

रेश्मा : ह्यात नाही, आत्या.

गोजरबाई : मग देवाची भिंत सोड. गल्लीकडच्या भिंतीला माझी ट्रंक हाय, ती सरकव. थांब की, एकटीच कशाला वडतीस, मी धरते ह्या अंगानं. संस्कृती, हितं ये गं.

संस्कृती : आजी, तू बघणार?

गोजरबाई : बगते. आदी पाय पूस, भिंत कालच सारवल्यागत पुसून काढलीय.

रेश्मा : दोन हातांत खांद्यांएवढं अंतर. बोटं पसर. नजर हातांच्या मधे. मी कमरेला धरलंय. चल, वर.

संस्कृती : आई.

रेश्मा : अं?

संस्कृती : तू हात काढशील, ते मला कळेल का?