बेल्ट लावून झोप

मुहैस्नाहच्या कामगारवस्तीतल्या बसस्टॉपवर माझ्यापुढे एकाच खोलीत राहणारे दोघे बोलत होते.

“भिवादा, तुमच्या कंपनीची नवी इलेक्ट्रिक पिकअप कशी आहे?”

“सीटमधून गार वारा येतो, अक्रम. पाठसुद्धा चेपून देते. दुपारच्या सुट्टीत आम्ही पाचजण एसी लावून आतच झोपतो.”

“साहेबांना कळलं तर?”

“कळलंच. गाडीतलं सगळं त्यांच्या मोबाइलवर दिसतं. लगेच फोन आला.”

“खलास! काय म्हणाले?”

“ओरडले, पाच माणसं आणि एकाचाही बेल्ट नाही? सेफ्टी रिपोर्ट खराब होतो!”

“झोपण्याबद्दल काही नाही?”

“नाही. आता रोज बेल्ट लावून झोपतो. पण खोलीवर बेल्टशिवाय झोपच येत नाही. काल तुझा नि माझा पट्टा जोडून स्वतःला खाटेला बांधलं, तेव्हा कुठे डोळा लागला.”

“म्हणून मी सकाळपासून पँट धरून फिरतोय!”