शिंगराचं पोतं

जनावरांच्या दवाखान्यात बसून जप सोडून दुसऱ्यांचं ऐकू नये, पण शेजारी घोडे पाळणारे बहीणभाऊ होते.

“ताई, शिंगरू दोन महिने आधीच आलं. तासाभरात गेलं.”

“आणि घोडी?”

“वैरणीला तोंड लावत नाही. पान्हा गळतोय, तो आटवायचं औषध न्यायला आलोय.”

“गेलेलं शिंगरू तिला हुंगू दिलंस?”

“नाही, लगेच पुरलं. तिचे हाल बघवेनात.”

“तिचे की तुझे?”

“असू दे.”

“शिंगराला ज्यानं पुसलं ते पोतं कुठंय?”

“आहे. माझ्या उशाशी.”

“धुवू नकोस, वास जाईल. माझ्याकडचं पोरकं शिंगरू बाटलीवर आहे. ते पोतं त्याच्या अंगावर घालून तिच्यापुढं उभं करू.”

“लाथ मारेल ती.”

“मारेल एकदोन. मग हुंगेल. चल, ऊठ.”