चौदा हजार वेळा बंद

नाही भाऊ, फोन बिघडलेला नाहीच आहे, भरलाय – तेच तर सांगतेय मी मघापासून. आणि ते फोटो आपोआप निघालेले नाहीत, पर्समध्ये बटण दाबलं गेलं वगैरे काही नाही. मी काढलेत. हो, सगळे. तो शेगडीचा. तोही शेगडीचाच. वर सरकवा, अजून वर – ते काळं गोल दिसतंय ना, ते शेगडीचं डावीकडचं बटण, जवळून. किती म्हणालात? चौदा हजार? बघा, माझा अंदाज आठ-नऊचा होता. नाही हो, शेगडी विकायची नाहीये. हसा तुम्ही, मोकळेपणाने हसा, माझी मुलगीही आधी हसायची.

कसं झालं, सांगते. मी शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. चोवीस बर्नर, चोवीस नळ, पोरांच्या हातात काड्यापेट्या – आणि सतरा वर्षांत कुणाचं बोटसुद्धा भाजलेलं नाही. म्हणजे मी काही धांदरट बाई नव्हे, हे आधी लक्षात घ्या. लोकांना वाटतं, हिच्या घरी कधीतरी आग लागली असणार, काहीतरी भयंकर घडलं असणार. काहीसुद्धा घडलं नाही. घडलं असतं तर एक वेळ परवडलं असतं, निदान सांगायला कारण तरी मिळालं असतं. एक दिवस आपली घरातून निघाले, बसथांब्यावर उभी राहिले आणि मनात आलं – शेगडी बंद केली ना आपण? कुणाच्याही मनात येतं की. तुमच्या येत नाही? येतं ना. मग काय करता तुम्ही? बस येते, तुम्ही चढता, विसरून जाता. मी परत गेले. बंद होती. आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, उन्हातून येऊन गार पाणी प्यावं तसं. तिथेच फसले. दुसऱ्या दिवशी त्याच थांब्यावर तोच भुंगा. एकदाचं दोनदा झालं, दोनदाचं चारदा झालं. तळमजल्यावरच्या काकू खिडकीत भाजी निवडत बसतात, त्या मोजायला लागल्या. "आज तीनच?" म्हणायच्या, जरा नाराज होऊन.

फोटोची शक्कल ह्यांची. आमचे हे फार सरळ माणूस, वाद घालत नाहीत, तोडगा काढतात. म्हणाले, "अगं, निघताना एक फोटो काढ, शंका आली की बघ, आहे काय त्यात?" – आणि खरंच महिनाभर जादू झाली. थांब्यावर उभी राहायचे, फोन काढायचे, बंद, चला. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं. मग एका सकाळी बसमध्ये फोटो बघितला आणि वाटलं, हा आजचाच कशावरून? बंद शेगडी रोज सारखीच दिसते, तिला काय होतंय. तारीख येते खाली, माहितीये, मुलीनेही दाखवली – पण फोनचीच तारीख चुकलेली असली तर? म्हणून मी शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवायला लागले. ते बघा, दिसतंय ना – पळवून नेलेल्या माणसाचा फोटो पाठवतात तसं. हे म्हणाले, "किती दिवस ओलीस ठेवणार आहेस तिला?" मग वाटलं, फोटो काढला तेव्हा बंद होती हे खरं, पण वळताना पर्सचा पट्टा अडकून बटण फिरलं असलं तर? म्हणून एक दारातून. मग एक दाराबाहेरून. मग व्हिडिओ – थांबा, तो नका लावू – लावलात. हं. माझाच आवाज तो. "बंद आहे, बंद आहे, आज गुरुवार, मी पूर्ण शुद्धीवर आहे, बंद आहे." मंत्रिपदाची शपथ घेतल्यासारखं वाटतं ना? बंद करा. व्हिडिओ हो, शेगडी नव्हे.

तर शाळेत मुलांच्या तपासणीला एक डॉक्टरबाई येतात. त्यांनी एकदा बघितलं, प्रयोगशाळेला कुलूप लावून मी तीनदा उघडलं, गॅसची मुख्य झडप बंद आहे का बघायला. हो, तोवर ते शाळेतही पोचलं होतं, असलं दुखणं घरात थोडंच थांबतंय. शिपाईमामांनी माझं नाव "परतबाई" पाडलं होतं – तोंडावर नाही, पण कान असतात माणसाला. डॉक्टरबाईंनी बसवून घेतलं, विचारलं, "ह्यात दिवसाचा किती वेळ जातो?" म्हटलं, जातात पंधरा-वीस मिनिटं. खोटं. तुम्हीच धरा – सकाळी निघताना पाऊण तास, बसमध्ये फोटो बघण्यात अर्धा, मधल्या सुट्टीत पाव, शाळा सुटल्यावर झडपेपाशी अर्धा. झाले किती? दोन तास. रोज. बघा, ही बेरीज मी आत्ता पहिल्यांदा केली, तुमच्या काउंटरवर. "आणि नाही बघितलं तर काय होतं?" म्हटलं, छाती धडधडते, हातपाय गार पडतात, अख्खी इमारत पेटलेली दिसते, खिडकीत काकू, हातात भाजी. "पण शेगडी बंद आहे हे तुम्हाला ठाऊक असतं?" ठाऊक असतं हो. तीच तर गंमत आहे. ठाऊक असतं, पटत नाही. मग त्यांनी विचारलं, "ह्याच्यापायी काय काय सोडलंत?" म्हटलं, काही नाही. बहिणीकडे राहायला जाणं सोडलं होतं, सिनेमा सोडला होता, सगळ्यांच्या शेवटी घरातून निघणं तर ह्यांच्याच गळ्यात घातलं होतं. पण म्हटलं, काही नाही.

त्या म्हणाल्या, ह्याला मंत्रचळ म्हणतात, आम्ही ओसीडी म्हणतो. हा तुमचा स्वभाव नव्हे, आजार आहे, आणि उपचारांनी बराच आटोक्यात येतो. शंका आली तरी बघायचं नाही, ती ओसरेपर्यंत नुसतं थांबायचं, हे शिकवतात म्हणे – एकदम नाही, थोडं थोडं, शिकवणारं माणूस सोबत असतं. आणि असं शिकवणाऱ्या एका बाईंचा नंबर लिहून दिला. मी ती चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि वर चेन लावली. म्हटलं, मी काय भिंतीवर डोकं आपटतेय? नोकरी चाललीय, घर चाललंय, मुलगी पहिल्या पाचात आहे. तिथे जायचं ते ज्यांचं काहीच चालत नाही त्यांनी. असं सहा महिने म्हटलं.

मग गेल्या महिन्यात मुलीची पोहण्याची शर्यत होती. तेरा वर्षांची आहे ती. पन्नास मीटर, म्हणजे अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त, डोळ्याचं पातं लवतंय तोवर संपते. मी फोन उचलला, आणि हाच, तुमच्यासमोर पडलाय तोच, म्हणाला – जागा नाही. काहीतरी पुसा. पोरी उड्या मारायला वाकल्या होत्या. मी शेगडीवर बोट ठेवलं. दोन वर्षांपूर्वीची शेगडी, भाऊ, कुणाच्या काय कामाची – पण मनात आलं, नेमकी हीच लागली तर? दुसरीवर ठेवलं. ही लागली तर? बोट खालीच जाईना. मग सरकवत सरकवत समुद्रावरचे सापडले. मुलगी आणि तिचे आजोबा, वाळूत दोघं, आजोबांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. चाळीस होते. ते पुसले. पटकन पुसले गेले, काही अडचण आली नाही. आणि फोन वर उचलला तर टाळ्या चालल्या होत्या.

ती आली निथळत, टोपी हातात. "आई, शेवटचे दोन हात बघितलेस? तिथे गाठलं मी तिला." म्हटलं, बघितले ना. "दाखव की." म्हटलं, जागा नव्हती गं. तिने फोन घेतला, चाळला. "समुद्रावरचे कुठे गेले?" मी तिची टोपी घेऊन पिळायला लागले. मग म्हणाली, "आणि शेगडीचे?" – आहेत. असंच म्हटलं मी, आहेत. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने तिच्या टॉवेलने फोनवर पडलेलं पाणी पुसलं आणि माझ्या हातात दिला. बस. त्या संध्याकाळी मी ती चेन उघडली.

काय म्हणता, मोठं कार्ड घालू? किती मावतील? साठ हजार – अरे वा, मग काय, म्हातारपणापर्यंत चिंता नाही. घाला की. – नको. थांबा, नका घालू. ठेवा ते खाली.

तुम्ही मला ओळखलं नाहीत ना? मागच्या मंगळवारी मी इथून कव्हर नेलं, ते निळं. त्याच्या आदल्या मंगळवारी चार्जर. घरी तीन आहेत. भाऊ, वर दुसऱ्या मजल्यावर त्या चिठ्ठीतल्या बाईंची पाटी आहे, मंगळवारी साडेचारची वेळ दिलीय त्यांनी मला. दोनदा दिली, ही तिसरी. मी येते हो वेळेवर, जिन्यापर्यंत येते, आणि मग तुमचं दुकान दिसतं. मागच्या वेळी त्यांचा फोन आला तेव्हा मी इथेच उभी होते, ह्याच काचेपाशी – सांगितलं, अचानक पाहुणे आले. त्या म्हणाल्या, हरकत नाही, पुढच्या मंगळवारी या, पाहुण्यांनाही आणा हवं तर. त्यांना कळलं असणार. किती वाजले? चार सत्तावीस. घड्याळ बरोबर आहे ना हे? – बघा, झालं सुरू.

असं करा, फोन इथेच राहू द्या. पुसू नका काही, ते आधी वर विचारते. नुसता ठेवा, त्या खणात, बंद करून. तासाभराने येते. घरी आत्ता कुणी नाही, आज शेवटी मीच निघाले. फोटो काढायला गेले तर जागा नव्हती, त्यामुळे शेगडीचं आज काय आहे ते माझ्याकडे लेखी असं काहीच नाही. असू दे. आणि मी जर मध्येच जिना उतरून आले, म्हटलं एकच बघू द्या, आजचा नाही तर कालचा – तर द्यायचा नाही. रडले तरी नाही. गोड बोलले तर मुळीच नाही. – नाही, आता काही बोलू नका, तुम्ही बोललात की मी थांबते. तो माणूस केव्हाचा मागे उभा आहे, त्याचं बघा तुम्ही.