बाळंतिणीचे केस

डॉक्टर : डोकं नीट बघायचंय. बाळाला जरा जाऊबाईंकडे द्या.

शरणम्मा : असू द्या माझ्याच मांडीवर. तिच्याकडं नको.

रत्नम्मा : मी बाहेर बसते, अक्का.

शरणम्मा : बस की हितंच. तुझ्यापुढंच सांगते. बाई, हिनं मला माक्याचं तेल करून दिलं. आता मूठ-मूठ केस जात्यात. आन् हिची वेणी बघा, कमरेखाली. नव्या पेठेतल्या बायका आल्या की सासूबाई हिलाच पाठमोरी उभी करत्यात. माझं लगीन झालं तवा माझी हिच्याहून जाड व्हती.

डॉक्टर : बाळ किती महिन्यांचं?

शरणम्मा : चार सरून पाचवा लागला.

डॉक्टर : आणि केस कधीपासून गळतायत?

रत्नम्मा : महिना झाला. तेल मी त्याच्यानंतर दिलं. गळत्यात म्हणूनच दिलं.

शरणम्मा : तुला इचारलं न्हाय.

डॉक्टर : बाळ पोटात असताना केस कसे होते?

शरणम्मा : लई दाट. फणी अडायची.

डॉक्टर : मग बरोबर. एकेक केस दोन-चार वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता थांबतो आणि गळतो. त्याच जागी नवा येतो. सगळ्यांचंच असं चालतं, तुमच्या जाऊबाईंचंही. गरोदरपणात हे गळणं थांबतं. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी थांबलेले सगळे एकदम जायला लागतात. यात तेलाचा दोष नाही, कुणाच्या नजरेचाही नाही. जेवता काय?

शरणम्मा : दुष्काळात काय जेवणार? रेशनच्या मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची भाकर, कवा तरी आमटी.

डॉक्टर : शेंगदाणे खा, मिळेल ती पालेभाजी खा. लोहाच्या गोळ्या देते. वर्षभरात पुन्हा दाट होतील. कपाळाशी हात लावून बघा, बारीक नवे फुटलेत.

(दवाखान्याबाहेर, टांग्याची वाट बघत.)

शरणम्मा : मनातल्या मनात हसली असशील.

रत्नम्मा : न्हाय, अक्का.

शरणम्मा : रोज माझ्या फणीकडं बघतीस. मला दिसतंय.

रत्नम्मा : बघते की. फणीतला तुमचा गुंता मीच टाकते. आज वाटलं, हे माझे असते तर.

शरणम्मा : गळलेले केस? तुला काय कमी हाय?

रत्नम्मा : सात वर्षं झाली लगनाला. बाळंतिणीचे केस असे गळत्यात, हे मला आज बाईंकडनं कळलं. घरात सगळी माझी वेणी वाखाणत्यात, कारण माझ्याबद्दल बोलायला दुसरं काय न्हाय.

शरणम्मा : म्या गल्लीत बोलले, तुझी नजर लागली म्हणून. शेजारच्या चंद्रव्वापाशी तर नको नको ते बोलले.

रत्नम्मा : ठाव हाय मला. ती येऊन सांगून गेली.

शरणम्मा : तरी आलीस माझ्यासंगं?

रत्नम्मा : तुमी एकट्या बाळ घेऊन कशा आला असता?

शरणम्मा : घे जरा ह्याला. हात अवघडलाय माझा.

रत्नम्मा : आज नको, अक्का.

शरणम्मा : राग आला व्हय?

रत्नम्मा : राग न्हाय. आज मला खरंच तुमचा हेवा वाटतोय. उद्या घेते.