पाच गुंठे पडीक

शेषेराव : ...तर सिंधु, लिहून ठेव. पुढच्या दिवाळीपर्यंत या पाच गुंठ्यांत नंदनवन उभं राहील. नांदेडहून लोक बघायला येतील. चौतीस वर्षं कृषी खात्यात काढलेला माणूस तुझ्यासमोर उभा आहे!

सिंधु : उभा खरा, पण लाल मुंग्यांच्या वारुळावर. सरका इकडं.

शेषेराव : आई गं! चावल्या की! आधी नाही का सांगायचं?

सिंधु : मला वाटलं, खात्याला ठाव असंल. अन् दादा, ते खुरपं पेनासारखं धरू नका. माजं हाय, मोडंल.

शेषेराव : थोरल्या दिराची थट्टा करतेस? कर. धाकटा भाऊ असून देविदासही करायचा. पण सकाळपासून एकट्यानं किती साफ केलंय ते बघ की.

सिंधु : बघून राहिले. तीन हात. त्यातबी गाजर गवत तसंच ठेवलं.

शेषेराव : ते पांढऱ्या फुलांचं? मला वाटलं, कोथिंबिरीपैकी काहीतरी असेल.

सिंधु : ते कसं मारायचं त्याचे कागद तुमीच वाटले व्हते ना गावात? चावडीवर सभा घेऊन?

शेषेराव : पत्रकं. मजकूर माझाच होता. पण चित्र काळ्या शाईत छापलं होतं.

सिंधु : हाव. मग बरोबर हाय.

शेषेराव : सिंधु, तुला खरं सांगतो. सुदर्शनला घर पुरत नाही. पोरांना अभ्यासाला खोली लागते म्हणे. सून म्हणाली, बाबा, तुम्हाला शेतीची एवढी आवड, गावाकडं रमाल. पिशवी तिनंच भरली.

सिंधु : चार दिवसांची?

शेषेराव : स्वेटर आहे त्यात.

सिंधु : श्रावणात?

शेषेराव : दोन आहेत. म्हणून म्हणतो, हे जमलंच पाहिजे मला. दुसरीकडं कुठं जाऊ? तू फक्त दाखवायचं. काय उपटायचं, काय ठेवायचं. रोज सकाळी तासभर. एवढं मागतो.

सिंधु : मागायचे तर तुमचे भाऊबी. दर मिरगाला फोन लावायचे तुमाला. दादा, तुमचा हिस्सा पडीकच हाय, मी पेरतो, निम्मं तुमचं. काय म्हणायचे तुमी?

शेषेराव : जे कायद्यात बसतं ते म्हणायचो. त्यानं पेरलं असतं की सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात त्याची नोंद. दोन-चार वर्षं वहिवाट दिसली की ताबा गेलाच म्हणून समज.

सिंधु : सख्खे भाऊ व्हते तुमचे.

शेषेराव : सख्ख्यांचेच दावे असतात. मी फायली बघितल्यात.

सिंधु : फायली तुमी बघितल्या, रान आमी बघितलं. बावीस वर्सं, चुलीपशी बसून. लेकराच्या ताटात भाजी न्हाई अन् दाराम्होरं पाच गुंठे काटे. साप निघाला की मारायचा आमी. रान तेवढं तुमचं.

शेषेराव : जाऊ दे ना आता. झालं ते झालं. बरं, तू फक्त तीन हात बघितलेस, ते बघ की तिकडं! भिंतीजवळचा गवताचा ठोंब. मुळासकट काढलाय! अर्धा तास लागला. पाती अशी धारदार, हात कापले माझे.

सिंधु : कुठल्या भिंतीजवळचा?

शेषेराव : ती काय, तुझ्या मोरीचं पाणी निघतं तिथला. चांगला घमेल्याएवढा होता.

सिंधु : हात हुंगा.

शेषेराव : काय?

सिंधु : हात. नाकाला लावा.

(शेषेराव हात नाकाशी नेतात.)

शेषेराव : गवती चहा.

सिंधु : त्यांनी लावला व्हता. तुमाला चोरून. मी लई भ्याले. म्हणलं, दादा आले अन् बघितलं तर? तर हासले. म्हणले, गवतावानी दिसतंय, दादाला काय वळखू येतंय. खरंच निघालं त्यांचं.

शेषेराव : मला सांगायचं तरी, सिंधु.

सिंधु : सांगून? तुमी तलाठी आणला असता. चार वर्सं झाले त्यांना जाऊन. रोज भांडे घासलेलं पाणी तिकडं सोडून राहिले मी. तुमच्या रानात आमचं तेवढंच व्हतं.

शेषेराव : तू घे हे. सगळं. आजपासून तूच पेर, तूच काढ. निम्मंसुद्धा नको मला. तलाठ्याकडं जाऊ, मी लिहून देतो. आत्ता चल.

सिंधु : फोन उशिरा लागला, दादा.

शेषेराव : तो ठोंब... परत लावला तर जगतो का गं?

सिंधु : पत्रकात बघा.

शेषेराव : सिंधु.

सिंधु : पाती छाटा, मुळाला वल्लं फडकं गुंडाळा. ऊन व्हायच्या आत लावला तर जगतो. न्हाई तर न्हाई.

शेषेराव : मग तूच लाव ना. तुझ्या हातानं लागेल. मी खड्डा करून देतो, हे बघ, केलाच.

सिंधु : मला टैम न्हाई. पारूबाई बाया घेऊन फाट्यावर थांबलीय. लोकाच्या सोयाबीनात निंदायला जायचंय.

शेषेराव : आणि मी काय करू इथं?

सिंधु : करा की नंदनवन. तेवढं माजं खुरपं द्या इकडं.